बेने इस्राएल समाजाची गाणी आणि कीर्तने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठीत ज्यू गाणी आहेत, हे खरे आहे का?

होय, आणि ती बाहेरून भाषांतर होऊन आलेली नाहीत, इथेच रचली गेली आहेत. आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाची मातृभाषा मराठी आहे. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटले आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला समाज वाढला, असे या समाजाची परंपरा सांगते. गावोगावी तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या लोकांना शेजारीपाजारी ‘शनिवार तेली’ म्हणत असत. गावांवरून पडलेली पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर, राजपूरकर ही आडनावे आजही त्या वस्त्यांची खूण सांगतात.

मधल्या काळात हिब्रू भाषा जवळजवळ विसरली गेली, मात्र ‘शेमा इस्राएल’ ही एक प्रार्थना ओठांवर टिकून राहिली. सणांची नावेही मराठी झाली. नव्या वर्षाचा तो ‘नव्याचा सण’, योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या उपवासाचा तो ‘दार फळण्याचा सण’ आणि पूरिमचा तो ‘होळीचा सण’. बिरडे खाऊन पाळल्या जाणाऱ्या उपवासाच्या दिवसाला ‘बिरड्याचा सण’ म्हणत. सणच मराठीत साजरे होत असल्यावर त्या सणांची गाणी मराठीत होणे ओघानेच आले.

बेने इस्राएल कीर्तन म्हणजे नेमके काय? ते आपल्या नेहमीच्या कीर्तनापेक्षा वेगळे असते का?

बांधणी तीच, आख्यान वेगळे, असे थोडक्यात म्हणता येईल. कीर्तनकार उभा राहून कथा सांगतो, मध्येच गद्य थांबवून पद उचलतो, साथीदार ध्रुपद झेलतात, पेटी, तबला आणि झांज यांची साथ असते, आणि साकी, दिंडी, आर्या, ओवी ही ओळखीची वृत्ते एकामागून एक येत राहतात. आख्यान मात्र हिब्रू धर्मग्रंथातले असते. भावांनी विहिरीत टाकलेला योसेफ, इजिप्तच्या गुलामीतून लोकांना बाहेर काढणारा मोशे, आपल्या लोकांसाठी राजापुढे उभी राहणारी एस्तेर राणी ही त्यातली आवडीची पात्रे आहेत. नमन एकाच निराकार देवाला असते, मूर्ती किंवा तसबीर कोठेही नसते.

ज्याने लहानपणी देवळाच्या सभामंडपात हरिदासी कीर्तन ऐकले आहे, त्याला हे कीर्तन ऐकताना एक विलक्षण अनुभव येतो. चाल ओळखीची असते, पुढची ओळ कोठे वळणार हे कानाला आधीच कळते, आणि तरीही कथा मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, घडत असते.

ही परंपरा कधी आणि कशामुळे सुरू झाली?

बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांनी १८८० मध्ये मुंबईत समाजातील सहकाऱ्यांसह ही कीर्तने सुरू केली, असे मानले जाते. त्याच वर्षी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले. मराठी माणसाच्या कानात पद, साकी आणि दिंडी घुमत होत्या, असा तो काळ होता, आणि बेने इस्राएल मंडळी त्याच शहरांत, त्याच चाळींत राहून तेच संगीत ऐकत होती.

कारण शोधायला थोडे मागे जावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत आणि कोकणात आलेल्या ख्रिस्ती मिशनऱ्यांनी जुन्या कराराच्या कथा मराठीत छापल्या, शाळा काढल्या आणि हिब्रूचे व्याकरणही मराठीतून उपलब्ध केले. धर्मांतराचा त्यांचा हेतू या समाजात फारसा सफल झाला नाही, परंतु आपल्याच पूर्वजांच्या कथा आपल्याच भाषेत वाचायला मिळाल्यामुळे समाजात मोठी जाग आली. कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी प्रार्थनेचे पाठ आणि चाली शिकवल्या. जोसेफ एझेकिएल राजपूरकर यांच्यासारख्या विद्वानाने हिब्रू प्रार्थनाग्रंथ एकामागून एक मराठीत आणले. पेसाहच्या, म्हणजे इजिप्तमधून सुटकेच्या सणाच्या, रात्री वाचली जाणारी हाग्गादा ही पोथी मराठी अर्थासह मुंबईत १८४६ मध्ये शिळाछापावर निघाली, आणि पुण्यात १८७४ मध्ये निघालेल्या सचित्र हाग्गादात लुगडे नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दाखवलेल्या आहेत.

पुस्तक मात्र वाचणाऱ्यापुरतेच राहते. ज्या आजीला अक्षर येत नव्हते आणि ज्या मुलाला हिब्रू कळत नव्हते, त्यांच्यापर्यंत मोशे पोहोचवायचा तर कीर्तनासारखा दुसरा मार्ग महाराष्ट्रात नव्हता. माझ्या मते ही निवड त्या पिढीच्या शहाणपणाची सर्वात मोठी खूण आहे. शेजाऱ्याची कला त्यांनी संकोच न करता घेतली आणि आपला धर्म तिच्यात विरघळूही दिला नाही.

पियुत म्हणजे काय? ते कीर्तनापेक्षा वेगळे कसे?

पियुत म्हणजे प्रार्थनेत किंवा घरच्या विधीत म्हटले जाणारे हिब्रू धार्मिक काव्य, अनेकवचनी ‘पियुतीम’. कीर्तन प्रार्थनेबाहेरचे आणि मराठीतले, तर पियुत प्रार्थनेच्या आतले. शुक्रवारी सायंकाळी शब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचे, स्वागत करताना म्हटले जाणारे ‘लेखा दोदी’ हे सोळाव्या शतकात सफेद या गावी श्लोमो अल्काबेत्स यांनी रचले. त्याच्या कडव्यांची आद्याक्षरे जुळवली की कवीचे ‘श्लोमो हालेवी’ हे नाव तयार होते. आपल्याकडे अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ किंवा ‘नामा म्हणे’ अशी नाममुद्रा येते. पियुत रचणारा कवी आपली मुद्रा ओळींच्या आरंभी लपवतो. मुलांना पियुत शिकवताना ही गोष्ट आधी सांगावी, कारण मग ती स्वतः अक्षरे शोधू लागतात आणि पाठांतर आपोआप होते.

मलिद्याच्या वेळी गाणे का म्हणतात?

नवस फेडताना, लग्नाच्या आधी, नव्या घरात प्रवेश करताना किंवा मोठ्या संकटातून सुटका झाल्यावर मलिदा केला जातो आणि तो एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, यांच्या स्मरणाने होतो. भिजवलेल्या पोह्यांत साखर किंवा गूळ, खवलेला नारळ, वेलची आणि सुका मेवा मिसळून मोठे ताट भरतात, भोवती फळे मांडतात. झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा, जमिनीतून येणाऱ्या पिकाचा वेगळा, सुवासिक पानाफुलांचा आणखी वेगळा. हे आशीर्वाद आणि ‘एलियाहू हन्नाबी’ हा पियुत झाल्याखेरीज ताटाला हात लावला जात नाही. अलिबागजवळ खंडाळे येथे एका खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा आहेत अशी श्रद्धा आहे, तिला ‘एलियाहू हन्नाबीचा टापा’ म्हणतात, आणि तू बिश्वात या झाडांच्या सणाला तेथे जाऊन मलिदा करणारी कुटुंबे आजही आहेत.

परंपरा सांभाळण्याच्या दृष्टीने मलिदा फार महत्त्वाचा आहे, कारण त्यासाठी सभागृह लागत नाही, वाद्ये लागत नाहीत आणि व्यासपीठही लागत नाही. हॉलमधल्या जमिनीवर चटई टाकून दहा-पंधरा माणसे बसली की झाले. घरातले लहान मूल पोह्यांच्या वासाने येऊन बसते आणि वाट पाहता पाहता ध्रुपद शिकते.

‘हन्नाबी’ म्हणावे की ‘हनावी’?

हा प्रश्न तरुण मंडळी वारंवार विचारतात, कारण इस्राएलमध्ये आज ‘हनावी’ म्हणतात आणि घरी आजोबा ‘हन्नाबी’ म्हणतात. दोन्ही उच्चार आपापल्या ठिकाणी योग्य आहेत. तथापि गाणे नोंदवताना ज्येष्ठांच्या तोंडी जसे आहे तसेच नोंदवावे. आपल्या सभास्थानांची (सिनेगॉगची) नावे पाहा: अलिबागचे ‘मागेन आबोथ’, पुण्याच्या रास्ता पेठेतील ‘सुक्कथ शेलोमो’. आधुनिक हिब्रूत तेथे ‘व’ आणि ‘त’ ऐकू येईल. आपल्या पाट्यांवर ‘ब’ आणि ‘थ’ आहे. पाटीवर जपलेला उच्चार गाण्यात आपल्याच हाताने पुसून टाकणे मला योग्य वाटत नाही. मुलाला शाळेत नवा उच्चार शिकू द्यावा आणि मलिद्याला बसल्यावर जुना म्हणू द्यावा. मुले दोन्ही सहज सांभाळतात.

लग्नातली गाणी कोणती?

बेने इस्राएल लग्नातला सर्वात हृद्य क्षण म्हणजे वधू सभास्थानात येत असताना वर स्वतः तिच्यासाठी ‘योनाती झीव यिफातेख’ गातो तो. योनाती म्हणजे ‘माझी कपोती’. गळा कसाही असो, वराने गायचे असते. पाठीमागून सगळे सभास्थान त्याला सूर देते. लग्नाच्या आदल्या मेंदीच्या रात्री बायका मराठी गाणी म्हणतात, आणि तेथे विहीणबाईंना टोमणे मारणाऱ्या ओळी रचण्याची मुभा असते. या दुसऱ्या प्रकारची गाणी धर्मग्रंथाशी संबंधित नसल्याने कोणी लिहून ठेवली नाहीत आणि म्हणूनच ती सर्वात आधी नाहीशी होत आहेत. आपल्या घरी कोणाला एखादे जरी येत असेल, तर त्या गाण्याला कीर्तनाइतकेच मोल द्यावे.

घरात गाण्यांची जुनी वही सापडली आहे. पहिल्यांदा काय करावे?

सर्वप्रथम तिला काहीही चिकटवू नये. फाटलेल्या पानांना सेलोटेप लावणे आणि पाने लॅमिनेट करणे या दोन गोष्टींनी कोकणच्या पावसापेक्षा अधिक वह्यांचे नुकसान होते, कारण टेपचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागद खातो आणि लॅमिनेट केलेले पान पुन्हा मोकळे करता येत नाही. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढाव्यात. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये, कारण मुंबईच्या दमट हवेत आत बुरशी धरते. स्वच्छ सुती कापडात किंवा आम्लमुक्त कागदात गुंडाळून जमिनीपासून वर, कोरड्या जागी ठेवावी.

त्यानंतर दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे. मुखपृष्ठ, मलपृष्ठ, कोरी पाने, मध्ये ठेवलेली चिठ्ठी, सारे घ्यावे. माझ्या आजीच्या वहीत गाण्यांपेक्षा समासातल्या नोंदींनी मला जास्त सांगितले. एका पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ‘हे मंजूच्या मेंदीला म्हटले’ एवढेच लिहिलेले होते, आणि त्या चार शब्दांवरून ते गाणे कोणत्या प्रसंगाचे हे आम्हांला कळले.

वहीत हिब्रू अक्षरांत देवाचे नाव असेल तर ती रद्दीत देऊ नये. असे जीर्ण कागद वेगळे साठवून दफन करण्याची प्रथा आहे आणि जवळच्या सभास्थानात त्यासाठी विचारणा करता येते. पण दफनाची वेळ येण्याआधी छायाचित्रे अवश्य घ्यावीत. हे मी पोटतिडकीने सांगतो, कारण आमच्याच नात्यात एक संपूर्ण वही श्रद्धेपोटी तशीच पुरली गेली आणि तिच्यात काय होते हे आता कोणालाही सांगता येत नाही.

वहीत शब्द आहेत, पण चाल माहीत नाही. आता काय?

सगळ्या कामातला हाच सर्वात नाजूक भाग आहे. जुन्या वह्यांत आणि छापील कीर्तनांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून एखाद्या प्रसिद्ध गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द दिलेले असतात. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने तेवढे पुरेसे होते, कारण ते गाणे तेव्हा प्रत्येकाच्या ओठांवर होते. आज ते मूळ नाट्यपदच विस्मरणात गेलेले असेल, तर कुलूप आहे पण किल्ली हरवली, अशी स्थिती होते.

अशा वेळी तीन दिशांनी शोध घ्यावा. पहिली दिशा नाट्यसंगीत जाणणाऱ्यांची: जुन्या पदांच्या ध्वनिमुद्रिका जपणारे रसिक महाराष्ट्रात पुष्कळ आहेत आणि ते अशा प्रश्नाने आनंदित होतात. दुसरी दिशा वृत्ताची: वर ‘साकी’ किंवा ‘दिंडी’ एवढेच लिहिलेले असेल तर कोणताही जाणता हरिदास ते पद त्या वृत्ताच्या रूढ चालीत म्हणून दाखवू शकतो. तिसरी दिशा घरातल्या ज्येष्ठांची, आणि तिच्यासाठी उशीर करू नये. ज्येष्ठांना ‘हे गाणे येते का’ असे विचारले तर बहुधा ‘नाही’ असे उत्तर येते. त्यांच्यासमोर बसून पहिली ओळ चुकीच्या चालीत म्हणावी. चूक सहन न होऊन ते ‘असं नाही रे, असं’ म्हणत बरोबर चाल गाऊ लागतात. हा प्रयोग मी अनेकदा केला आहे आणि तो क्वचितच फसला आहे.

ध्वनिमुद्रण कसे करावे? शब्बाथच्या दिवशी चालेल का?

शब्बाथला आणि मुख्य सणांच्या दिवशी यंत्रे चालवणे धर्मनियमांत बसत नाही, तेव्हा त्या दिवशी ध्वनिमुद्रण करू नये, विचारूही नये. सभास्थानातील प्रार्थनेच्या चाली हव्या असतील तर हज्जानांना (प्रार्थना चालवणाऱ्यांना) आठवड्यातील दुसऱ्या दिवशी विनंती करावी. पेसाह ते शावुओत या दोन सणांमधल्या ओमेरच्या काळात आणि तिशा बेआव या उपवासाच्या आधीच्या तीन आठवड्यांत अनेक कुटुंबे वाद्यसंगीत टाळतात, हेही ध्यानात ठेवावे.

साधा मोबाइलही पुरतो, परंतु पंखा बंद करावा, खिडकी लावावी, कुकरची शिटी होऊन जाऊ द्यावी. शक्य असल्यास वेव्ह स्वरूपात मुद्रण करावे, एमपीथ्रीत आवाज दाबला जातो. आरंभी गाणाऱ्याचे नाव, गाव, दिनांक आणि ‘हे मी कोणाकडून शिकले’ हे गाणाऱ्याच्याच आवाजात घ्यावे. एक प्रत घरी, एक दुसऱ्या शहरातील नातलगाकडे आणि एक अभिलेखागारात ठेवावी. जेरुसलेममध्ये इस्राएलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ध्वनिसंग्रह आहे आणि भारतात गुरुग्राम येथे लोकसंगीत व परंपरागत संगीत जपणारे, १९८२ मध्ये स्थापन झालेले अभिलेखागार आहे. देण्यापूर्वी गाणाऱ्याची लेखी संमती घ्यावी, आणि ‘घरच्यांपुरते ठेवा’ असे कोणी म्हटले तर ते गाणे घरीच ठेवावे.

इस्राएलमध्ये स्थायिक झालेल्या कुटुंबांत ही गाणी टिकली आहेत का?

१९४८ नंतर समाजातील बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली आणि आज तेथील बेने इस्राएल लोकसंख्या भारतातल्यापेक्षा कितीतरी अधिक आहे. दिमोना, अश्दोद, लोद, रामला या गावांत महाराष्ट्र दिन साजरा होतो, ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही इस्राएलमध्येच निघाले. कीर्तनाच्या बाबतीत एक मोठा बदल झाला: एकेकाळी कीर्तनकार मुख्यतः पुरुष असत, अलीकडच्या दशकांत दोन्ही देशांत ही कला प्रामुख्याने स्त्रियांनी पुढे चालवली आहे. तेथे जन्मलेल्या नातवंडांना मराठी फारशी येत नाही, म्हणून काही मंडळी शब्द हिब्रू अक्षरांत लिहून देतात. मुंबईत शंभर वर्षांपूर्वी हिब्रू शब्द देवनागरीत लिहून दिले जात होते, हे आठवले की या उलट्या प्रवासाने मन भरून येते.

वहीतली गाणी छापण्यास कायद्याची अडचण आहे का?

भारतीय कायद्यानुसार सर्वसाधारणपणे कवीच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत त्याच्या रचनेवर वारसांचा हक्क असतो. एकोणिसाव्या शतकात छापलेली कीर्तने त्यामुळे मुक्त आहेत. अप्रकाशित वहीचे नियम वेगळे आहेत, म्हणून तिच्याबाबत जाणकाराचा सल्ला घ्यावा आणि कुटुंबीयांची संमती कायदा मागो वा न मागो, अवश्य घ्यावी. हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर रचलेले पद जाहीरपणे मुद्रित करून विकायचे असेल तर त्या चालीचा हक्क स्वतंत्र असतो.

मी ज्यू नाही. मला हे ऐकायला येता येईल का?

कीर्तनाला आवर्जून यावे. सभास्थानात जायचे असल्यास आधी परवानगी घ्यावी, ओळखपत्र जवळ ठेवावे, आणि पुरुषांनी डोके झाकावे. पेटी-तबल्याची साथ येत असेल तर अधिकच स्वागत, कारण अनेक ठिकाणी शब्द पाठ असणाऱ्या बायका आहेत आणि साथीला कोणी नाही.

जुन्या पदाची दोनच कडवी मिळाली आहेत. उरलेली आम्ही रचून घालावीत का?

नवी पदे अवश्य रचावीत, आणि त्यांवर रचणाऱ्याचे नाव व वर्ष लिहावे. पण जुन्या पदाची तुटलेली जागा भरून टाकू नये. दुसऱ्या कोणाच्या तरी वहीत ती कडवी असण्याची शक्यता असते, आणि आपण घातलेली कडवी एकदा रुळली की खरी कडवी सापडूनही परकी वाटतात. आजीच्या वहीतल्या योसेफाच्या पदाचे तिसरे कडवे वाळवीने खाल्ले आहे. घरच्या मलिद्याला आम्ही पहिली दोन म्हणतो, तिसऱ्याच्या जागी पेटीवर नुसती चाल वाजवतो आणि मग ध्रुपदावर येतो. गेल्या वर्षी त्या मोकळ्या चालीत ठाण्याहून आलेल्या एका वृद्ध बाई मध्येच थांबल्या आणि त्यांनी हळूच तीन शब्द म्हटले. ते तीन शब्द आता वहीत, पेन्सिलीने, त्यांच्या नावासह लिहिलेले आहेत.